भुयारातला बाजार आणि वरचे गाव

ऑक्टोबर २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि मुंबईची पहिली भुयारी मेट्रो पूर्णत्वास गेली. ३३.५ किलोमीटरचा मार्ग आणि २७ स्थानके. त्यांपैकी आरेचे एक स्थानक वगळता उरलेली २६ जमिनीच्या पोटात आहेत. आरंभी २३ हजार कोटींच्या घरात असलेला खर्च पूर्ततेपर्यंत ३७ हजार कोटींच्या वर गेला. रोजच्या लोकल प्रवासात हाडे खिळखिळी करून घेणाऱ्या मुंबईकराने या गाडीचे मनापासून स्वागत केले, यात नवल नाही. थंड हवेच्या डब्यातून काळबादेवीहून वांद्र्याला जाता येईल, असे वीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर त्याची थट्टाच झाली असती. हे काम पार पाडणारे अभियंते आणि कामगार अभिनंदनास पात्र आहेत, हे प्रथमच नमूद केले पाहिजे.

परंतु गाडी धावू लागल्यानंतर एक वेगळाच प्रश्न समोर येतो आणि त्याची चर्चा जितकी व्हावयास हवी तितकी होताना दिसत नाही. भुयारी स्थानक म्हणजे केवळ फलाट नव्हे. फलाटाच्या वर एक संपूर्ण मजला असतो. तिकीट खिडक्या, तपासणीची द्वारे, येण्याजाण्याचे रुंद मार्ग आणि त्यांच्या कडेने उरणारी हजारो चौरस फूट जागा. शहराच्या ऐन मध्यवस्तीत, हवा खेळती ठेवलेली, दिव्यांनी उजळलेली आणि रोज हजारो पावले जिच्यावरून जाणार अशी ही जागा. व्यापाऱ्याला याहून अधिक काय हवे? आणि मेट्रो चालविणाऱ्या संस्थेलाही उत्पन्न हवेच आहे. १० ते ७० रुपयांच्या तिकिटातून विजेचे देयक, देखभाल, पगार आणि जपानी कर्जाचे हप्ते निघतील अशी अपेक्षा कोणीही जाणकार करीत नाही. तेव्हा स्थानकात दुकाने येणार, जाहिराती येणार, खाद्यपदार्थांचे गाळे येणार, हे उघड आहे. त्याला सरसकट नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या जागेतले काय विकावयाचे आणि काय कोणत्याही मोलाने विकावयाचे नाही, हे कोण ठरविणार आणि केव्हा ठरविणार, याचा.

जगात हा प्रयोग नवा नाही. त्यातील सर्वांत बोधप्रद उदाहरण पॅरिसचे आहे आणि ते थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे.

पॅरिसच्या मध्यभागी 'ले आल' या नावाचा मोठा बाजार होता. बाराव्या शतकापासून त्या ठिकाणी शहराचा भाजीपाला, मांस, मासळी, लोणी, फुले यांची घाऊक विक्री होत असे. एकोणिसाव्या शतकात व्हिक्तॉर बाल्तार या वास्तुकाराने लोखंड आणि काच यांचे भव्य मंडप तेथे उभारले. एमिल झोला या कादंबरीकाराने १८७३ मध्ये या बाजारावर लिहिलेल्या कादंबरीला 'पॅरिसचे उदर' असेच नाव दिले. मध्यरात्रीनंतर गाड्या येत, पहाटेपर्यंत हमाल, दलाल, भाजीवाल्या बायका, खानावळवाले यांची झुंबड उडे आणि सकाळी शहर जागे होई तेव्हा अर्धे काम उरकलेले असे. विसाव्या शतकात मोटारी वाढल्या, अरुंद गल्ल्यांत मालमोटारी अडकू लागल्या, अस्वच्छता असह्य झाली. बाजार हलविण्याचा निर्णय झाला. हे कारण खोटे नव्हते. आपल्याकडील कोणत्याही जुन्या मंडईच्या दारात पहाटे उभे राहिले की ते पटते. १९६९ च्या आरंभी सारा घाऊक व्यापार शहराबाहेर रुंगी येथे हलला आणि १९७१ पासून बाल्तारचे मंडप पाडले जाऊ लागले. नागरिकांनी निदर्शने केली, ती व्यर्थ गेली. एक मंडप तेवढा शहराबाहेरच्या एका उपनगरात नेऊन पुन्हा उभा करण्यात आला.

मागे राहिला तो प्रचंड खड्डा. वर्षानुवर्षे पॅरिसच्या मध्यभागी तो तसाच होता. इतका की एका इटालियन दिग्दर्शकाने घोडेस्वारांच्या लढाईचा आपला १९७४ चा चित्रपट त्या खड्ड्यातच चित्रित केला! पुढे डिसेंबर १९७७ मध्ये खड्ड्याच्या तळाशी उपनगरी गाड्यांचे विशाल भुयारी स्थानक सुरू झाले आणि १९७९ मध्ये त्याच्या वर, परंतु तेही जमिनीखालीच, 'फोरम' नावाचे बहुमजली खरेदी केंद्र उघडले. रेल्वेचे काम उत्तम झाले. उपनगरांतून येणारे लाखो लोक तेथे गाडी बदलू लागले. खरेदी केंद्रात दुकानेही भरली. परंतु बाजार मात्र परत आला नाही. एकाच साच्यातील कपड्यांची आणि पादत्राणांची दुकाने आली, जी त्या देशातील कोणत्याही गावात दिसावीत. काही वर्षांत वास्तूची रया गेली. काळोखे कोपरे अमली पदार्थांच्या व्यवहारासाठी कुप्रसिद्ध झाले. अखेर शासनाने पुन्हा शेकडो कोटी खर्चून वरचा भाग पाडला आणि २०१६ मध्ये पानांच्या आकाराचे नवे छत त्यावर घातले. पन्नास वर्षांत एकाच जागेवर दोनदा पाडकाम आणि दोनदा बांधकाम!

त्या छताच्या शेजारीच सेंत युस्ताश हे जुने चर्च आहे. त्यात रेमंड मेसन या शिल्पकाराने घडविलेले एक रंगीत शिल्प आहे. फेब्रुवारी १९६९ च्या अखेरच्या रात्री फळे, भाज्यांच्या टोपल्या आणि गाडे घेऊन शहराच्या हृदयातून निघालेले बाजारकरी त्यात दिसतात. एखाद्या समाजाने आपल्या भाजीवाल्यांचे प्रस्थान देवालयात कोरून ठेवावे, यातच काय गमावले त्याची कबुली आहे. स्थानक बांधणाऱ्यांनी गाड्यांचा, जिन्यांचा, हवेचा हिशेब केला. जी माणसे त्या जागेला जागा बनवीत होती, त्यांचा हिशेब कोणत्याही रकान्यात नव्हता.

याउलट हाँगकाँगने हाच व्यवहार हिशेबी डोक्याने केला. तेथील मेट्रो महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले आणि पहिली गाडी १९७९ मध्ये धावली. शासनाने महामंडळाला नुसता रोख पैसा दिला नाही, तर स्थानके आणि आगारे यांच्यावरील व भोवतालच्या जमिनीच्या विकासाचे हक्क दिले आणि तेही रेल्वे येण्यापूर्वीच्या भावाने. रेल्वे आली की त्या जमिनीचे मोल कैकपटींनी वाढते. महामंडळ विकासकाला बोलावते, बांधकामाचा खर्च व जोखीम त्याने सोसावयाची आणि नफ्यातील वाटा महामंडळाने घ्यावयाचा. शिवाय कित्येक खरेदी केंद्रे महामंडळाने स्वतःच्याच मालकीची ठेवली आणि त्यांचे भाडे वर्षानुवर्षे रेल्वेच्या तिजोरीत पडत राहिले. २००० मध्ये महामंडळाचे समभाग बाजारात आले, तरी सुमारे तीन-चतुर्थांश मालकी शासनानेच राखली. यातील मर्म साधे आहे. जनतेच्या पैशाने रेल्वे आली, तिच्यामुळे जमिनीचे मोल वाढले. तर ते वाढीव मोल जनतेच्या रेल्वेलाच मिळाले पाहिजे. आपल्याकडे मेट्रोचा नुसता नकाशा प्रसिद्ध झाला तरी भोवतालच्या इमारतींच्या जाहिरातींत 'मेट्रोपासून पाच मिनिटांवर' ही ओळ झळकू लागते. ती पाच मिनिटे कोणाच्या पैशाने निर्माण झाली आणि त्यांची किंमत कोणाच्या खिशात गेली, हे विचारण्याचे धाडस मात्र क्वचितच होते.

जपानचे आणखी एक उदाहरण येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. ओसाकाच्या उमेदा स्थानकात १९२९ मध्ये हानक्यू रेल्वेचे संस्थापक इचिझो कोबायाशी यांनी रेल्वेच्याच मालकीचे मोठे भांडार उघडले. ते स्थानक भुयारी नव्हते. परंतु आज उमेदाच्या खाली जो मैलोगणती पसरलेला भुयारी बाजार आहे त्याची परंपरा तेथून सुरू होते. लगेच जागतिक मंदी आली. भांडाराच्या भोजनगृहात गरीब तरुण येऊन केवळ भात मागवीत आणि टेबलावर फुकट ठेवलेले सॉस त्यावर ओतून जेवीत. अन्य कोणी व्यवस्थापकाने त्यांना हाकलले असते. कोबायाशींनी त्यांचे स्वागत करावयास सांगितले. आज यांच्या खिशात पैसा नाही, उद्या हेच कुटुंबासह येतील, असा त्यांचा विचार होता. व्यापारी बुद्धी आणि माणुसकी यांची फारकत करावीच लागते असे नाही, हे त्या जपानी उद्योजकाला कळले होते.

त्याच जपानने भुयारी बाजाराचा दुसरा चेहराही पाहिला आहे. ऑगस्ट १९८० मध्ये शिझुओका येथील स्थानकासमोरच्या भुयारी बाजारात वायूचा स्फोट होऊन १५ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली. त्यानंतर तेथे नव्या भुयारी बाजारांवर कठोर निर्बंध आले. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात नोव्हेंबर १९८७ मध्ये लाकडी सरकत्या जिन्याखाली साठलेल्या कचऱ्याला आग लागून ३१ बळी गेले. जमिनीखाली धूर वर जाण्याच्या वाटेनेच माणसेही बाहेर पडू पाहतात, हे भयंकर सत्य त्या दिवशी सर्वांना उमगले. कपडा, पुठ्ठा, प्लास्टिक, तेल आणि शेगडी यांचे प्रत्येक दुकान म्हणजे भुयारात नेऊन ठेवलेले सरपण आहे. म्हणून गाळा किती भाडे देतो याआधी तो किती वेळात रिकामा करता येतो, हे पाहिले गेले पाहिजे.

मुंबईला हा धडा परदेशातून घेण्याचीही गरज नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर पाऊस चुकविण्यासाठी थांबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि २३ जीव गेले. तेथे ना स्फोट झाला होता, ना आग लागली होती. केवळ चालावयास जागा नव्हती. त्यानंतरच रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत, हा उच्च न्यायालयाचा आदेश आला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या भुयारी मार्गातून संध्याकाळी ज्याने वाट काढली आहे, त्याला दोन्ही बाजूंच्या पट्टे, खेळणी आणि चार्जरच्या दुकानांमधून किती रुंदी उरते हे सांगावयास नको. मुंबईचा हा पहिला भुयारी बाजार कोणी आखला नाही. तो आपोआप वाढला. नव्या स्थानकांत तो आखून वाढणार आहे, एवढाच फरक. आणि आखणी करताना आज रुंद वाटणारा मार्ग दहा वर्षांनी दुप्पट प्रवासी आल्यावर कसा दिसेल, हे डोळ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. दुकानाला एकदा दिलेली जागा परत मिळविणे किती दुरापास्त असते, याचा अनुभव प्रत्येक नगरपालिकेच्या गाठीशी आहे.

पाण्याचाही प्रश्न आहेच. १० मे २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुले झालेले आचार्य अत्रे चौक स्थानक २६ मे रोजी, म्हणजे अवघ्या सोळा दिवसांत, वेळेआधीच कोसळलेल्या पावसात तुंबले. अपूर्ण प्रवेशमार्गावरील तात्पुरती भिंत फुटून चिखलाचे पाणी आत घुसले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्या दिवशी तेथे दुकानांची रांग आणि खरेदीला आलेली मुलेबाळे असती तर? ज्या शहरात भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की रस्ते नद्या होतात, त्या शहरातील भुयारी बाजाराची पहिली परीक्षा जुलै महिना घेणार आहे.

आता या मार्गाच्या स्थानकांची नावे पाहा. हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव, महालक्ष्मी, आचार्य अत्रे चौक, सिद्धिविनायक, शीतलादेवी. गाडीत बसलेल्या शाळकरी मुलाला वडिलांनी एकेका स्थानकाचे नाव उलगडून सांगितले तर मुंबईचा इतिहास पुस्तकाविना शिकवून होईल. एका स्थानकावर संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचणाऱ्यांचे स्मरण आहे, दुसऱ्यावर त्याच लढ्यात लेखणी आणि वाणी यांचे आसूड ओढणाऱ्या अत्र्यांचे. बेटांच्या काळापासून ज्यांनी या वस्तीची राखण केली अशी श्रद्धा आहे, त्या देवी तर पावलोपावली आहेत.

या नावांचेही आता भाडे येऊ लागले आहे. स्थानकाच्या नावाला जोडून आपले नाव लावण्याचे हक्क मेट्रोने व्यापारी कंपन्यांना दिले आणि त्यातून सिद्धिविनायकाच्या आधी एका विमा कंपनीचे, तर आचार्य अत्र्यांच्या आधी एका म्युच्युअल फंडाचे नाव लागले. समर्थनार्थ सांगितले गेले ते तिकिटेतर उत्पन्नाचे अर्थशास्त्र. हे अर्थशास्त्र समजण्यास कठीण नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या कचेऱ्यांच्या वसाहतीला एखाद्या बँकेचे नाव लागले तर त्यात कोणाचे मन दुखावण्याचे कारण नाही. ती वस्तीच पैशाची आहे. परंतु ज्या दैवताच्या दर्शनाला मंगळवारी पहाटेपासून माणसे अनवाणी चालत जातात, त्याच्या नावाआधी विम्याची पाटी लावण्यास मान्यता देताना संबंधितांच्या मनाला काहीच खटकले नसेल काय? आणि आचार्य अत्रे! त्यांनी स्वतःच या नामकरणावर एक अग्रलेख लिहिला असता आणि तो वाचून त्या फंडाच्या संचालकांना काही दिवस घराबाहेर पडणे अवघड झाले असते.

यात भावनेचा बाऊ आहे असे म्हणणारे भेटतील. पुण्याच्या तुळशीबागेकडे त्यांनी जरा पाहावे. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी उभारलेले राममंदिर मध्यभागी आणि त्याच्या भोवताली बांगड्या, भांडी, पूजासाहित्य, भातुकलीची खेळणी यांची दाटीवाटीची दुकाने. मंदिर आणि बाजार यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना आधार दिला. कोल्हापूरचा महाद्वार रस्ता असो वा पंढरपूरची प्रदक्षिणेची वाट, देवाच्या दारात व्यापार व्हावा याला आपल्या समाजाने कधीच कमीपणाचे मानले नाही. मात्र तुळशीबागेतील रामाच्या नावाआधी कोणा बांगडीवाल्याने आपले नाव लावावयास मागितले असते, तर त्याला वेड्यात काढले गेले असते. मर्यादा कोठे आहे हे निरक्षर व्यापाऱ्यालाही ठाऊक होते. त्यासाठी सल्लागार कंपनी नेमावी लागली नव्हती.

गिरगाव आणि काळबादेवी या दोन स्थानकांची गोष्ट तर आणखी निराळी आहे. या मार्गावरील सर्वांत दाट वस्ती तेथे आहे. स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंना आणि दुकानदारांना उठावे लागले. त्याच परिसरात पुनर्वसन करण्याचे तत्त्व या प्रकल्पाने स्वीकारले, ही निश्चितच चांगली गोष्ट झाली. मुंबईच्या विकासाच्या इतिहासात गिरगावचा माणूस विरार आणि डोंबिवलीला फेकला जाण्याचीच रीत आहे. परंतु पुनर्वसन म्हणजे केवळ डोक्यावर छप्पर नव्हे. ज्याचे शिवणयंत्र, ज्याची छापखान्याची खोली, ज्याचा फराळाचा गाळा त्या इमारतीच्या तळमजल्यावर होता, त्याचे गिऱ्हाईक रस्त्यावरून जात होते. आता ते गिऱ्हाईक सरकत्या जिन्याने भुयारात उतरते. तर मग भुयारातील गाळ्यावर पहिला हक्क कोणाचा?

याच गिरगावात १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. आणि याच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. त्यांतून उभा राहिलेला लिज्जत पापडाचा उद्योग आज हजारो भगिनींना हक्काची मिळकत देतो. त्या सात जणींना विक्रीसाठी आज गिरगावच्या भुयारी स्थानकात आठ फुटांची जागा हवी असती, तर ती मिळाली असती काय? सर्व गाळे एकाच मोठ्या ठेकेदाराला एकगठ्ठा दिले, लाखोंची अनामत मागितली, आधीच्या तीन वर्षांच्या कोट्यवधींच्या उलाढालीची अट घातली, की अशा सात जणी निविदेचा अर्जसुद्धा भरू शकत नाहीत. मग स्थानकात येतात त्या विमानतळापासून मॉलपर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या त्याच त्या साखळ्या, तीच दोनशे रुपयांची कॉफी आणि तोच गोठविलेला सामोसा. स्वदेशीचा उच्चार व्यासपीठावरून करणे सोपे असते. निविदेच्या कलमात तो कसा उतरवावयाचा, ही खरी कसोटी आहे.

महाराष्ट्राला याचा पूर्वानुभव नाही असेही नाही. नवी मुंबई वसविताना सिडकोने रेल्वेच्या खर्चातील मोठा वाटा, सुमारे दोन-तृतीयांश, स्वतः उचलला आणि वाशी, बेलापूरसारख्या स्थानकांवर कचेऱ्या व दुकाने बांधून जमिनीच्या मोलातून तो वसूल करण्याची वाट धरली. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल पोहोचली ती या पद्धतीने. हाँगकाँगचे नाव आपल्याकडील परिसंवादांत गाजू लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्याच नवी मुंबईत आणखी एक तत्त्व मान्य झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा परत मिळावा. हे तत्त्व सहजासहजी मिळाले नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकऱ्यांना जीव द्यावा लागला, तेव्हा कुठे शासनाला जाग आली. जो न्याय उरणच्या भातखाचरांना लागू झाला, तो गिरगावच्या तळमजल्याला का लागू होऊ नये? स्थानकातील गाळ्यांपैकी ठरावीक हिस्सा विस्थापित दुकानदार, परिसरातील बचतगट आणि लहान कारागीर यांच्यासाठी, त्यांना पेलेल अशा भाड्याने, राखून ठेवला तर मेट्रोचे दिवाळे निघणार नाही. उलट त्या स्थानकाला गिरगावचा वास येईल. आज २६ भुयारी स्थानकांपैकी कोणत्याही एकात डोळे बांधून उतरविले तर ते कोणते हे नाव वाचल्यावाचून सांगता येणार नाही, इतकी ती एकसारखी आहेत.

पुण्यात तर हा विषय अधिकच हातघाईचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि त्यात मंडई हे स्थानक आले. वर १८८६ पासून उभी असलेली महात्मा फुले मंडई, हाकेच्या अंतरावर तुळशीबाग, खाली गाडी. पॅरिसने जो बाजार उखडला आणि मग त्याच्या खड्ड्यात स्थानक बांधले, तो बाजार पुण्याने शाबूत ठेवून त्याच्या कुशीत स्थानक आणले, याचा अभिमान वाटावयास हरकत नाही. मेट्रोने उतरून, भाजीची पिशवी भरून, पुन्हा मेट्रोनेच घरी जाणारी गृहिणी हे मंडईच्या भवितव्याचे सर्वांत आशादायक चित्र आहे. परंतु उद्या स्थानकाच्या आतच थंड हवेत भाजी विकणारी मोठी साखळी आली, तर तीच गृहिणी वरचा जिना चढेल काय? तेव्हा पॅरिसप्रमाणे पाडकामाची गरजही भासणार नाही. मंडई आपोआप रिती होईल आणि तिचे 'वारसा स्थळ' म्हणून सुशोभीकरण करण्याचा प्रस्ताव कोणीतरी घेऊन येईल. मंडईलगतच्या स्थानकात मंडईशी स्पर्धा करणारा माल विकावयाचा नाही, हे एक साधे कलम महामेट्रो आणि महानगरपालिका यांनी करारातच घातले पाहिजे.

पुढील कामे वाट पाहत उभी आहेत. स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी विस्ताराला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. वडाळ्याकडून गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाणाऱ्या मेट्रो ११ या मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये संमती दिली आणि त्याचा मोठा भाग दक्षिण मुंबईच्या जुन्या बाजारपेठांखालून जावयाचा आहे. या मार्गांच्या भुयारांचे आराखडे तज्ज्ञ करतील आणि ते उत्तमच करतील. भाडेकराराचे मसुदे मात्र त्याआधी लोकांपुढे यावयास हवेत. गाळ्यांपैकी स्थानिकांचा हिस्सा किती, चालण्याच्या मार्गाची किमान रुंदी किती, कोणत्या नावांना हात लावावयाचा नाही, भोवतालच्या जमिनीच्या वाढीव मोलातील रेल्वेचा वाटा किती, हे प्रश्न नगरसेवकांनी, व्यापारी संघांनी आणि गणेशोत्सव मंडळांनीही आताच विचारावेत. निविदा उघडल्यानंतर विचारलेल्या प्रश्नांना 'करार झालेला आहे' एवढेच उत्तर मिळत असते.